बशीतलं मीठ आणि सहा गिटारी

गिटार बनवतो असं सांगितलं की लोक दोन प्रश्न विचारतात. पहिला, "वाजवता येते का?" नाही येत. तारा सुरात लावता येतात, तेवढ्यावर गिऱ्हाईक खूश होतं. दुसरा, "गाव कुठलं?" निमोणे, तालुका शिरूर. यावर माणूस जरा थांबतो. आमच्या घरात तीन पिढ्या मेंढरं राखली, आता ज्वारी-कांदा करतात. अशा घरातून गिटार कशी निघाली, हे त्याला पटत नाही. एकदा एका पाव्हण्यांनी आमच्या आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, विचारलं, "थोरला काय करतो?" आप्पा म्हणाले, "लाकडाची खोकी करतोय. आत काय भरत न्हाई. रिकामीच इकतोय." माझ्या धंद्याची याहून नेमकी व्याख्या मी अजून ऐकलेली नाही.

फक्त ती खोकी रिकामी नसतात, आणि मला जे सांगायचंय ते आतल्या भागाबद्दलच आहे.

गिटारीच्या सहा तारा ताणल्या की एका धडधाकट बाप्याच्या वजनाएवढी ओढ लागते. ही ओढ सोसायची कुणी? वरच्या फळीनं. आणि ती फळी असते चपातीएवढ्या जाडीची. जाड केली तर टिकते, पण बोलत नाही. पातळ केली तर बोलते, पण महिन्याभरात पोट काढते. म्हणून फळी पातळ ठेवायची आणि आतून तिला लाकडाच्या बारीक पट्ट्या चिकटवायच्या. दोन मोठ्या पट्ट्या फुलीसारख्या, बाकीच्या छोट्या आजूबाजूला. माझे गुरू सायमन मिस्त्री या पट्ट्यांना फासळ्या म्हणायचे आणि वरच्या फळीला छाती. फासळ्या चिकटवून झाल्या की पटाशीनं त्या तासत जायचं, मधूनमधून फळीवर टिचकी मारून ऐकायचं, आणि आवाज मोकळा झाला की थांबायचं. एक हात जास्त तासला तर फासळी कमजोर, एक हात कमी तर गिटार मुकी. नंतर पाठ बसवून खोकं बंद केलं की हे सगळं काम कुणाला कधी दिसत नाही. गिऱ्हाईक विचारतं पॉलिशचं.

न दिसणाऱ्या कामाचा एक फायदा असतो. त्यात केलेलं पापही दिसत नाही.

सायमन मिस्त्री मूळचे नगरकडचे. रेल्वेत डब्यांचं सुतारकाम करून रिटायर झाले आणि दौंडलाच राहिले. चर्चमधली गिटार एकदा पडून फुटली, ती दुरुस्तीला त्यांच्याकडे आली. त्यांनी ती उघडली, आणि पुन्हा बंद करायच्या आधी आतलं सगळं माप कागदावर उतरवून घेतलं. त्यांचं गिटारीचं शिक्षण एवढंच. बाकीचं कानानं आणि बोटांनी. आप्पा गळ्यातल्या घंटीवरून मेंढी ओळखायचे, मिस्त्री टिचकीवरून लाकूड.

मी त्यांना भेटलो तो लाकडामुळे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी रांजणगावात कंपन्या येत होत्या, आणि मी एका कंपनीत परदेशी मशिनरीची खोकी उघडायच्या कामावर होतो. ती खोकी पाइनच्या फळ्यांची. इथले लोक त्या फळ्या बंबात घालायचे. मिस्त्रींना कुठून तरी कळलं. रविवारी ते बस बदलत आले, माझ्या दारातल्या ढिगातली एकेक फळी उचलून टिचकी मारू लागले. शंभरातल्या सात निवडल्या. "बाकीच्या बंबात घाल," म्हणाले, "ह्या सात जाळल्यास तर तुला पाप लागंल." आठ महिन्यांनी मी कंपनी सोडून त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये कामाला लागलो. कंपनीची बस दारात येत असताना ती सोडून दौंडला म्हाताऱ्याकडे जाणाऱ्या माणसाला गावानं काय म्हटलं असेल, ते छापण्यासारखं नाही.

आता मिठाचं सांगतो.

लाकूड दमट हवेत फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं, पण फक्त रुंदीत. लांबीत जवळजवळ नाहीच. फासळ्या बसतात फळीच्या आडव्या. म्हणजे दमट दिवसांत फुगलेल्या फळीला फासळ्या चिकटवल्या, तर चैत्रात फळी आकसते आणि फासळी आहे तेवढीच राहते. मग छाती आत बसते. फासळी सुटते नाहीतर फळी तडकते. म्हणून हवा कोरडी असेल तेव्हाच सरस लावायचा. आता त्यासाठी मीटर मिळतात. मिस्त्रींचा मीटर म्हणजे खिडकीतल्या बशीत मूठभर खडे मीठ. सकाळी आल्या आल्या ते मिठावर बोट टेकायचे. मीठ कोरडं असलं की म्हणायचे, "ठेव सरस तापत." पाझरलेलं असलं की, "आज फासळ्या न्हाईत. आज रंधा मार." खोकं बंद होण्याआधी फळीच्या आतल्या अंगाला पेन्सिलीनं तारीख आणि पुढे दोन शब्द लिहायचे: मीठ कोरडं. मी गेलो तेव्हा हे ते स्वतः लिहीत. पुढे काचबिंदूनं त्यांची नजर जात जात गेली, आणि ते सांगायचे, मी लिहायचो. म्हणजे अक्षर माझं, शब्द त्यांचा.

नजर गेली तरी काम थांबलं नव्हतं. फासळी तासताना ते तिच्यावरून अंगठा फिरवायचे आणि केसाएवढा उंचवटा मला दाखवायचे, जो मला दोन डोळ्यांनी दिसत नव्हता. "डोळ्याचं काय घेऊन बसलास," म्हणायचे. "डोळं पालिशवाल्याला लागत्यात."

दोन हजार सालानंतर चार-पाच वर्षांनी, एका श्रावणात, यवतचे बापूराव जीप घेऊन आले. त्यांचा ऑर्केस्ट्रा होता. गणपतीच्या दहा दिवसांत गावोगावच्या मंडळांत कार्यक्रम. त्यांना सहा गिटारी हव्या होत्या, सगळ्या एकसारख्या, कारण स्टेजवर सहा पोरं एका रांगेत उभी करायची होती. ही ऑर्डर माझ्या ओळखीनं आलेली, माझी पहिली. गिटारीच्या आत चिकटवायच्या लेबलवर 'दत्तू गिटार, दौंड' छापून घ्यायचंही मी ठरवून टाकलं. मिस्त्रींनीच तशी परवानगी दिली होती. "माझं नाव रेल्वेनं लई वर्सं वापरलं," म्हणाले, "आता तुझं लाव."

वेळ कमी आहे, हवा दमट आहे, असं मी बापूरावांना सांगितलं. ते हसले.

"आरं दत्तू, सहातल्या चौघांना वाजवताच येत न्हाई. त्यांनी नुसतं धरून डुलायचं. तू आतल्या पट्ट्या न्हाई बसवल्यास तरी कुणाच्या बापाला कळणार न्हाई."

"फासळ्या नसल्या आन् तारा ताणल्या, तर पोरांच्या पोटावर फुटतील त्या."

"मग तारा ढिल्या ठेव की!"

आतून मिस्त्री ओरडले, "वाजवायची नसंल तर फोटू काढून गळ्यात अडकवा म्हणावं!"

बापूराव तसे गंमतीतच बोलत होते. पण आज वाटतं, त्यांचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं. बिनफासळ्यांची खोकी दिली असती, तर ती निदान उघड फसवणूक झाली असती.

पाच दिवस भुरभुर चालू होती. आमच्याकडे पाऊस तसा बेताचाच, पण तो पडत नसला तरी हवेत लटकून राहतो. मीठ रोज पाझरलेलं. मिस्त्री रोज म्हणायचे, "आज न्हाई." सहाही फळ्या रंधून तयार, फासळ्या कापून तयार, सरसाचं भांडं रिकामं. बापूरावांची जीप दिवसाआड यायची. सहाव्या दिवशी मी एक गोष्ट केली. ती मी कंपनीत शिकलो होतो. तिथे रीडिंग हवं तसं आलं नाही की मशीन कुणी बघत नसे, मीटर बदलत.

सरस तापवायच्या स्टोव्हवर मी मूठभर मीठ तव्यात भाजलं, बशी पुसली आणि त्यात ओतलं. मनाला समजावलं, की हे मीठबीठ म्हाताऱ्याचं वेड आहे.

मिस्त्री आले, बोट टेकलं, आणि टेकलेलंच ठेवलं.

"कोरडं हाय. पण ऊन कसं लागतंय रं?"

मीठ निवायला मी वेळच दिला नव्हता. म्हणालो, "खिडकीत उन्हं आल्यात, मिस्त्री."

"ऊन पडलंय?"

"व्हय. सकाळधरनं."

त्यांनी तोंड खिडकीकडे केलं. बाहेर करडं आभाळ होतं. ते तसेच उभे राहिले, मान जरा वर करून, गाल पुढे करून, शेंगा विकणारीपुढे नमुन्याला हात पसरतो तसा.

"माझ्या गालाला लागंना," ते म्हणाले. मग, "असंल. कातडं म्हातारं झालं."

मी सरस लावला. फासळी जागेवर ठेवायची, आणि वर छताशी ठोकलेल्या पक्क्या फळीपासून खाली बांबूच्या कांबी वाकवून उभ्या करायच्या. कांब सरळ व्हायला बघते आणि फासळी दाबून धरते. एका गिटारीला वीस-पंचवीस कांबी. लांबून बघितलं तर ऊस उभा असल्यासारखं दिसतं. तीन दिवसांत पाच फळ्या झाल्या. तिन्ही सकाळी मी मीठ भाजलं, पण आता निवू द्यायला शिकलो होतो. चोरीतही हात बसतो.

दुसऱ्या दिवशी टिचकी मारून मिस्त्री म्हणाले, "दत्तू, ही ओली बोलतीया."

"मला तर ठीक वाटतंय."

"सर्दी झाल्यागत. नाकातून."

"मिस्त्री, तुमालाच सर्दी झालीया," मी म्हणालो. ते हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

सहाव्या फळीला मात्र ते अडले. टिचकी मारली, पुन्हा मारली, गालाला लावून मारली. "हिला मी आज हात लावू देणार न्हाई. तुझं मीठ काय बी म्हणू दे." 'तुझं मीठ' म्हणाले. सवयीनं म्हणाले असतील. "हिला स्टोव्हच्या वरच्या फळीवर ठेव, दोन दीस शेकू दे." मी चिडलो, पण बापूराव म्हणाले पाच आधी द्या, सहावी मागून चालेल. सहावी दोन दिवस शेकली, मग मी पुन्हा मीठ भाजलं आणि तिच्या फासळ्या बसल्या. सहाही फळ्यांच्या आत, मिस्त्रींच्या सांगण्यावरून, माझ्या अक्षरात दोन शब्द गेले. मीठ कोरडं.

गणपतीत सहा पोरं एका रांगेत डुलली. मी यवतला जाऊन बघून आलो. फार छान दिसल्या गिटारी.

हंगाम संपल्यावर बापूरावांनी त्या विकून टाकल्या. चैत्रात रांजणगावच्या कंपनीतला एक बिहारी कामगार गिटार उराशी धरून आला. "भाईसाब, इसकी छाती बैठ गई है." त्याला आमचे शब्द माहीत असायचं कारण नव्हतं. पण खरंच बसली होती. घोडीपुढची, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीपुढची, फळी वाडग्यासारखी आत गेलेली. मिस्त्रींनी ती मांडीवर घेतली, तारा सोडल्या, गोल तोंडातून हात आत घातला. त्यांचा हात लहान होता, कोपरापर्यंत जायचा. फुलीची एक फासळी टोकाला सुटली होती. त्यांनी ती नखानं वर-खाली केली. टक, टक.

"आत काय लिवलंय?"

दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा आत घालून मी वाचलं. "मीठ कोरडं."

"पुन्ना वाच."

"मीठ कोरडं."

सांगायचं असेल तर ती वेळ होती. तोंडातून चार शब्द काढायचे होते. मी आरसा पुसत बसलो.

पंधरा दिवसांत दुसरी आली, तिची फळी तडकलेली. तिचंही मी वाचून दाखवलं. मिस्त्री उठले, चाचपत खिडकीशी गेले, बशी उचलली आणि मीठ दाराबाहेर ओतलं. "बोटं गेली माझी," म्हणाले. "डोळं गेलं तवा मी तरारून हुतो. बोटं गेल्यावर काय राह्यलं?" दुसऱ्या दिवसापासून ते शेडवर आले नाहीत.

आता यातली गंमत बघा. पुढच्या वर्षभरात आणखी तीन गिटारी आल्या, आणि पाचही मी फुकट दुरुस्त करून दिल्या. पाठ उघडायची, फासळ्या काढायच्या, नव्या बसवायच्या. बापूराव पंचक्रोशीत सांगत फिरले, "म्हाताऱ्याचा हात गेला, पण दत्तूनं गुरूचं नाव राखलं." मला एका शाळेनं नारळ आणि शाल दिली. भाषणात 'कृतज्ञ शिष्य' हा शब्द तीनदा आला. मी शाल पांघरून बसलो होतो. गरम होत होतं.

सहावी आली नाही. ती का आली नाही, हे जगात फक्त मला माहीत होतं. ती चांगली होती. मिस्त्रींनी मिठाचं न ऐकता कानाचं ऐकलं, ती एकच वाचली होती. ती शोधून त्यांच्या मांडीवर ठेवली असती, तर बोटं, गाल, कान सगळं एका टिचकीत परत मिळालं असतं. पण त्यांनी लगेच विचारलं असतं, "मग मीठ कसं काय कोरडं हुतं रं?" म्हणून मी शोधली नाही. पहिलं पाप घाईत झालं. हे दुसरं मी सावकाश, रोज थोडं थोडं केलं.

त्या नाताळाला मी मनाशी ठरवून त्यांच्या घरी गेलो. ते मुलीकडे राहत होते. रूथताई दारातच म्हणाल्या, "बरं झालं आलात. तुमचंच नाव काढत असतात. आजकाल सगळंच विचारतात हो. भाजीत मीठ हाय का. च्या गरम हाय का. स्वतःवर भरवसाच न्हाई राह्यला."

मिस्त्री अंगणात खुर्चीत बसले होते. डिसेंबरचं लख्ख ऊन अंगभर पडलं होतं. मी शेजारी बसलो. त्यांनी माझा हात हातात घेतला, तळव्यावरचे घट्टे चाचपले, खूश झाले.

"काम चाललंय म्हनायचं."

"चाललंय."

जरा वेळानं ते हळू आवाजात म्हणाले, "दत्तू, ऊन पडलंय का रं?"

"पडलंय, मिस्त्री."

"खरं?"

"खरं."

"तू म्हणतोस म्हंजी असंल," ते म्हणाले, आणि निवांत डोळे मिटून घेतले. मी केक खाऊन परत आलो. पुढच्या पावसाळ्यात ते गेले.

नंतर मी शेड बंद करून शिरूरला दुकान टाकलं. दुकान बरं चालतं. खिडकीत बशी आहे, बशीत मीठ आहे. मीटरही आहे, पण तो मी भिंतीकडे तोंड करून लावलाय.

गेल्या उन्हाळ्यात एक कॉलेजची मुलगी आली. निमोण्याचीच, माझ्या चुलतभावाच्या वस्तीपलीकडची. मामाची जुनी गिटार घेऊन आली होती, तारा बदलायला. "काका, जपून हं," म्हणाली, "आमची लई जुनी हाय." मी पिशवीतून काढली आणि बघताक्षणी ओळखली. सहावी. पाठ कधी उघडलेली नाही. छाती सरळ. मी टिचकी मारली. इतकी वर्षं, इतके चैत्र, आणि आवाज घंटीसारखा.

"आत कायतरी लिहिलंय," मुलगी म्हणाली. "मोबाईलची बॅटरी लावून वाचलं मी. 'मीठ कोरडं.' आमच्या घरात सगळे हिला मीठच म्हणतात. म्हंजी काय ओ ते?"

ज्याला सांगायचं होतं त्याला सांगितलं नाही, आणि विसेक वर्षांनी एका अनोळखी पोरीला सांगितलं. सगळं. भाजलेल्या मिठापासून शालीपर्यंत. ती स्टुलावर बसून ऐकत राहिली. संपल्यावर तिनं मोबाईलची बॅटरी लावून पुन्हा आत बघितलं. मग म्हणाली, "म्हंजी खोटं लिहिलंय आत."

"व्हय."

"मग खरं लिहा की."

मी पेन्सिलीला टोक केलं, तारा सोडल्या आणि गोल तोंडातून हात आत घातला. मिस्त्रींपेक्षा माझा हात मोठा आहे, मनगट सोललं. आत हात गेला की आरशाला जागा उरत नाही. काही दिसत नाही. कुठे फासळी आहे, कुठे मोकळी फळी, हे बोटांनाच विचारत लिहावं लागतं. मी डोळे मिटूनच घेतले.

हात बाहेर काढल्यावर मुलीनं मोबाईल आत धरला आणि अडखळत वाचलं. "मीठ ओलं हुतं. मिस्त्रींचा कान बरोबर हुता. दत्तू." मग म्हणाली, "अक्षर लई वाकडं आलंय, काका. पण वाचता येतंय."